श्वास किती वेळा घ्यायचा, हे शरीर कशावरून ठरवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पंधरा वर्षांचा मुलगा तलावात बुडी मारण्याआधी वीस-पंचवीस वेळा जोरजोरात श्वास घेतो आणि त्यामुळे पाण्याखाली जास्त वेळ टिकतो. 'मी जास्त ऑक्सिजन भरून घेतो' असं तो सांगतो. हे खरं आहे का? ऑक्सिजन कमी झाला की श्वासाचा वेग वाढतो, हे शाळेत शिकलेलं बरोबर का? आणि मनगटावरचं घड्याळ रात्री मिनिटाला 13 श्वास दाखवतं, पण स्वतः मोजायला बसलं की 17-18 भरतात, ते कसं?

आधी मुलाचं बोलू. बुडीआधीचा हा प्रकार आजच बंद करायला सांगा. पट्टीचे पोहणारे असे बुडाले आहेत, तेही उथळ पाण्यात, आजूबाजूला माणसं असताना. नुसतं 'करू नकोस' म्हटलं तर या वयातला मुलगा ऐकेलच असं नाही. कारण कळलं तर बहुधा ऐकेल. ते कारण सांगताना तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही येतील.

मी भूलतज्ज्ञ आहे. रुग्णाचा श्वास काही तासांसाठी आपल्या ताब्यात घ्यायचा आणि शस्त्रक्रिया संपली की तो ज्याचा त्याला परत द्यायचा, हे माझं रोजचं काम. श्वासावर कोणाचा ताबा आहे हे बघायचं असेल, तर परत देण्याच्या त्या चार-पाच मिनिटांत बघावं. टाके घालून होत आलेले असतात, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरलेला असतो. नव्यानं शिकायला आलेला डॉक्टर व्हेंटिलेटर थांबवतो आणि वाट बघतो. रुग्ण श्वास घेत नाही. दहा सेकंद जातात, वीस जातात, तीस. मॉनिटरवर ऑक्सिजन 100 टक्के, तरी छाती ढिम्म. तो घाबरून माझ्याकडे बघतो, आणि मी त्याला शेजारचा आकडा दाखवतो : उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, 28 मिलिमीटर पारा. यंत्रानं गरजेपेक्षा जास्त हवा खेळवली, कार्बन डायऑक्साइड धुऊन निघाला, आणि श्वास घ्यायला मेंदूकडे कारणच उरलं नाही. मग आम्ही यंत्राचा वेग अगदी कमी ठेवतो आणि तो वायू साठू देतो. आकडा तिशी ओलांडतो, चाळिशी गाठतो, आणि पंचेचाळीसच्या आसपास कधीतरी पडद्यावरच्या आलेखात एक बारीक खाच पडते. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, हललेलं असतं. इतक्या वर्षांनंतरही ती खाच दिसली की मला बरं वाटतं.

त्या सगळ्या वेळात ऑक्सिजन भरपूरच होता. श्वास सुरू झाला तो कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे.

शरीर श्वासाचा वेग सांभाळत नाही. ते रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि त्याला जोडलेली आम्लता सांभाळतं. वेग आणि खोली ही त्यासाठीची दोन हत्यारं. आपलं शरीर आरामात बसल्या बसल्या मिनिटाला सुमारे 200 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करतं. तो पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होतं. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राहिला नाही तर विकरांपासून हृदयाच्या ठोक्यापर्यंत सगळं बिघडायला लागतं, म्हणून शरीराचा पहारा तिथे कडक. धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण 40 मिलिमीटर पारा असतो आणि 35 ते 45 च्या बाहेर सहसा जात नाही. तो एका मिलिमीटरनं वाढला तरी मिनिटाला खेळणारी हवा दोन-तीन लिटरनं वाढते. विश्रांतीत आपण मिनिटाला जेमतेम सहा लिटर हवा खेळवतो, हे लक्षात घेतलं की ही यंत्रणा किती हळवी आहे ते कळतं. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रिस्टली या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1905 मध्ये हे मांडलं. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस डोंगराच्या माथ्यावर आणि खोल खाणीच्या तळाशी जाऊन त्यांनी फुफ्फुसाच्या आतल्या हवेचे नमुने तपासले. बाहेरचा हवेचा दाब बदलला तरी आतला कार्बन डायऑक्साइडचा दाब जवळजवळ तोच राहिला.

हे मोजणारे मुख्य संवेदक मेंदूच्या तळाशी आहेत, मेडुलाच्या पुढच्या पृष्ठभागाजवळ. शाळेच्या पुस्तकात मेडुलाला मस्तिष्कपुच्छ म्हणतात. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो. आम्लाचे आयन तो सहजी ओलांडू शकत नाहीत, कार्बन डायऑक्साइड मात्र विनासायास पलीकडे जातो आणि मेंदूभोवतीच्या द्रवात आम्ल तयार करतो. त्या द्रवात प्रथिनं फारच कमी, त्यामुळे आम्ल शोषून घेणारं तिथे कोणी नसतं. रक्तात जो बदल किरकोळ ठरला असता तो तिथे लगेच जाणवतो. कार्बन डायऑक्साइडला मिळणाऱ्या प्रतिसादाचा साधारण तीन चतुर्थांश भाग या संवेदकांचा. फक्त ते थोडे सावकाश आहेत, त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला मिनिटं लागतात.

सेकंदांत बोलणारे दुसरे, गळ्यातले. मानेत दोन्ही बाजूंना कॅरोटिड धमनी दुभंगते, तिथे कॅरोटिड बॉडी नावाची काही मिलिग्रॅम वजनाची गाठ असते. वजनाच्या मानानं तिला मिळणारं रक्त थक्क करणारं आहे : 100 ग्रॅमला मिनिटाला सुमारे 2 लिटर, म्हणजे मेंदूच्या जवळपास चाळीसपट. धमनीतलं ताजं रक्त चाखणं हेच तिचं काम. ऑक्सिजनवर नजर ठेवणारी मुख्य चौकी ही. कार्बन डायऑक्साइड आणि आम्लताही ती मोजते. कॉर्नेल हेमान्स यांना 1938 चं नोबेल पारितोषिक मिळालं ते इथल्या आणि महाधमनीजवळच्या अशाच संवेदकांचा श्वासाशी संबंध दाखवल्याबद्दल.

आता शाळेतल्या वाक्याकडे येऊ. ऑक्सिजन कमी झाला की श्वास वाढतो, हे खोटं नाही, पण फार उशिरा खरं ठरतं. धमनीतला ऑक्सिजनचा दाब साधारण 100 असतो. तो 90 झाला, 80 झाला, 70 झाला, तरी कॅरोटिड बॉडी फारशी कुरकुर करत नाही. 60 च्या खाली गेला की मात्र ती जोरात ओरडायला लागते. यात शहाणपण आहे, कारण 60 पर्यंत हिमोग्लोबिन 90 टक्के भरलेलंच असतं आणि शरीराचं खरं नुकसान त्याच्या खाली सुरू होतं. पण एक अट आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर हा ओरडाही दबतो. दोन्ही इशारे एकमेकांचा जोर वाढवतात, आणि एक गेला की दुसरा लंगडा होतो.

तुमच्या मुलाचं सगळं गणित या एका अटीवर आहे. वीस-पंचवीस जोरदार श्वासांनी त्याला ऑक्सिजन किती जास्त मिळाला? हिमोग्लोबिन आधीच 97-98 टक्के भरलेलं होतं, ते 99 झालं. फुफ्फुसातल्या हवेत ऑक्सिजनचा दाब 100 चा 125 झाला, म्हणजे शंभर-दीडशे मिलिलिटरची भर. हात-पाय मारणाऱ्या शरीराला ती काही सेकंद पुरते. कार्बन डायऑक्साइड मात्र 40 वरून 20 वर आला. दम कोंडला की 'आता श्वास घेच' ही असह्य ओढ साधारण 50 च्या आसपास येते. एरवी त्याला 40 पासून 50 पर्यंतचं अंतर असतं, आता 20 पासूनचं आहे. तेवढ्या वेळात स्नायू ऑक्सिजन खात राहतात, तो 60 च्या खाली जातो, आणखी खाली जातो, आणि ओरडणारी चौकी कार्बन डायऑक्साइडअभावी कुजबुजत बसलेली असते. शिवाय कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, एका मिलिमीटरला तीन-चार टक्के रक्तपुरवठा घटतो, म्हणजे बुडीच्या सुरुवातीलाच मेंदूला मिळणारं रक्त जवळपास निम्म्यावर. मुलाला वाटत असतं, अजून दम आहे. त्याच वाटण्यात तो बेशुद्ध होतो. धडपड नाही, हाक नाही. मग साठलेला कार्बन डायऑक्साइड एक श्वास घ्यायला लावतो, पाण्यात. मुलाला एवढंच सांगा : तुझा ऑक्सिजन वाढत नाही, तुझी धोक्याची घंटा बंद होते.

ऑक्सिजन हळूहळू कमी होत जाणं किती निःशब्द असतं, याचा सगळ्यात अस्वस्थ करणारा दाखला 15 एप्रिल 1875 चा आहे. झेनिथ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच माणसं आठ हजार मीटरच्या वर गेली. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल गेले. वाचलेल्या गास्तों तिसांदिए यांनी नंतर लिहिलं की त्या उंचीवर त्रास असा होत नाही, उलट आतून आनंद वाटतो. नळी हाताशी होती, पण ती तोंडापर्यंत नेण्याची ताकद आणि निकड दोन्ही संपलेली होती. छाती हलत होती, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता, म्हणून गुदमरल्यासारखं वाटलंच नाही. नायट्रोजननं भरलेल्या बंद टाकीत उतरलेला कामगार याच कारणानं दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. कार्बन मोनॉक्साइडचा कावा थोडा वेगळा. तो हिमोग्लोबिनवरच्या जागा अडवतो, पण रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब बदलत नाही. कॅरोटिड बॉडी दाब मोजते, साठा मोजत नाही. म्हणून झोपलेला माणूस जागा होत नाही.

हे झाले पहारेकरी. श्वासाचा ठेका धरणारा वेगळा. मेडुलामध्ये प्रीबोट्झिंगर नावाचा चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे, 1991 मध्ये ओळखला गेलेला. (शेजारच्या भागाचं बोट्झिंगर हे नाव एका परिषदेत टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून पडलं, म्हणून हा 'प्री'.) इथून दर काही सेकंदांनी एक लहर निघते, श्वासपटल आकुंचन पावतं, हवा आत येते. शांत श्वासात उच्छ्वासासाठी वेगळी मेहनत लागत नाही, ताणलेली फुफ्फुसं आपोआप मिटतात. संवेदकांचे निरोप या ठेक्याला घाई करायला किंवा सबुरी धरायला लावतात. ठेका आणि पहारा खरोखरच दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका दुर्मीळ जन्मजात आजारात स्पष्ट दिसतं. फॉक्स-टू-बी या जनुकात दोष असलेली बाळं जागेपणी बऱ्यापैकी श्वास घेतात, पण झोपली की कार्बन डायऑक्साइड कितीही साठला तरी श्वास वाढत नाही, आणि गुदमरल्याची जाणीवही होत नाही. या जनुकाचा संबंध 2003 मध्ये सापडला. अशा मुलांना झोपेत यंत्राचा आधार आयुष्यभर लागतो.

फुफ्फुसंही स्वतःची बातमी पाठवतात. ती जास्त फुगली की फुफ्फुसांकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस या चेतेतून 'पुरे' असा निरोप जातो आणि श्वास आत घेणं थांबतं. हेरिंग आणि ब्रॉयर यांनी 1868 मध्ये सांगितलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया तान्ह्या बाळांत जोरदार असते. मोठ्या माणसात एका श्वासात लिटरभराहून जास्त हवा गेल्याशिवाय ती फारशी दिसत नाही. फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांना खेटून असलेले जे-संवेदक ऑतार सिंग पेंटल यांनी शोधले. फुफ्फुसात पाणी साठायला लागलं की ते चेतवले जातात आणि श्वास उथळ, भराभर होतो. हृदय थकलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन नळीनं नीट केला तरी धाप लगेच थांबत नाही, त्याचं एक कारण हे.

व्यायामाचं कोडं मला अजून भुरळ घालतं. आधी बदल मोजायचा आणि मग दुरुस्ती करायची, या फीडबॅकच्या हिशेबानं पळताना कार्बन डायऑक्साइड आधी वाढायला हवा आणि मग श्वास. प्रत्यक्षात पहिल्या पावलाबरोबरच श्वास वाढतो, रक्तात काही बदलायच्या आत, आणि मध्यम व्यायामात धमनीतला कार्बन डायऑक्साइड 40 च्या आसपासच राहतो. क्रोग आणि लिंडहार्ड यांनी 1913 मध्येच हे टिपलं होतं. मेंदू पायांना 'पळ' सांगतो तेव्हाच श्वासकेंद्रालाही कळवतो, हलणारे सांधे आणि स्नायू आपली खबर देतात, आणि उरलेली चूक संवेदक दुरुस्त करतात. या तिघांत कोणाचा वाटा किती, यावर शरीरक्रियाशास्त्रज्ञ शंभर वर्षं भांडताहेत.

आता निरोप उशिरा पोहोचला तर काय होतं ते सांगतो, कारण प्रत्येक फीडबॅकचा कच्चा दुवा हाच. फुफ्फुसातून निघालेलं रक्त निरोगी माणसात दहाएक सेकंदांच्या आत गळ्यातल्या संवेदकापर्यंत पोहोचतं. हृदय कमकुवत असेल तर त्याला बराच जास्त वेळ लागतो. बातमी पोहोचते तेव्हा शिळी झालेली असते. कार्बन डायऑक्साइड जास्त आहे असं समजून मेंदू जोरात श्वास घेत राहतो, तोवर तो कमी झालेला असतो. मग ती बातमी येते आणि श्वास बंद पडतो, गरजेपेक्षा जास्त वेळ. श्वास वाढत वाढत जाणं, ओसरणं, पूर्ण थांबणं आणि पुन्हा सुरू होणं, या चक्राला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. चेन यांनी 1818 मध्ये आणि स्टोक्स यांनी 1854 मध्ये त्याचं वर्णन केलं. उंच डोंगरावर पहिल्या रात्री निरोगी गिर्यारोहकही झोपेत असाच श्वास घेतात. तिथे ऑक्सिजनची चौकी अतिउत्तेजित असते आणि कार्बन डायऑक्साइड श्वास थांबण्याच्या पातळीलगत घुटमळत असतो. पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाला मारणारा रक्तातला घटक, बाहेर टाकतात, आम्लता जागेवर आणतात, आणि मग श्वासाला मोकळेपणानं वाढता येतं. 2007 मध्ये एव्हरेस्टवर 8400 मीटरवर चार गिर्यारोहकांचं धमनीतलं रक्त काढून तपासलं गेलं. ऑक्सिजनचा दाब सरासरी 24.6, कार्बन डायऑक्साइडचा 13.3. तुमच्या-माझ्यासारखा माणूस अचानक त्या आकड्यांवर गेला तर शुद्धीत राहणार नाही. ते चालत होते.

वाढलेला श्वास दिसला की तो आवरायचा, ही चूक मी डॉक्टरांकडूनही होताना पाहिली आहे. मधुमेहात कीटोन साठून रक्त आम्ल झालं की रुग्ण खोल आणि भराभर श्वास घेतो. कुसमाउल यांनी 1874 मध्ये वर्णन केलेला हा श्वास म्हणजे शरीरानं केलेला उपचार आहे. एक आम्ल बाहेर टाकता येत नाही, म्हणून दुसरं टाकून समतोल राखायचा. घरच्यांना वाटतं दमा आहे, कोणी झोपेचं औषध सुचवतं. अशा रुग्णाला नळी घालून व्हेंटिलेटर नेहमीच्या 14 च्या वेगावर लावला, तर तो मिनिटाला तीस श्वासांनी जे काम करत होता ते आपण थांबवलं, आणि काही मिनिटांत पीएच कोसळून हृदय बंद पडू शकतं. यंत्र लावायचंच असेल तर रुग्णाचा स्वतःचा वेग आणि खोली आधी मोजायची आणि यंत्राला त्याच्या जवळ न्यायचं. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात सांगतो.

उलट बाजूला अफूजन्य वेदनाशामकं. मॉर्फिन, फेंटानिल ठेक्यावरच घाला घालतात. श्वासाची खोली बरीच टिकते, वेग मात्र मिनिटाला आठ, सहा असा उतरत जातो. 'श्वास घ्या' म्हटलं की रुग्ण घेतो आणि पुन्हा विसरतो. अशा वेळी नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरचं यंत्र 98 दाखवत राहतं आणि आत कार्बन डायऑक्साइड सत्तरीकडे सरकतो. म्हणून अशा रुग्णाचे श्वास मोजा, केवळ ऑक्सिजनच्या आकड्यावर निश्चिंत राहू नका.

आता तुमच्या घड्याळाचं. दोन्ही आकडे खरे असू शकतात. श्वास ही अशी विरळ क्रिया आहे जिच्यावर मेडुलाची सत्ता आहे आणि मेंदूच्या वरच्या थरालाही हवं तेव्हा तिचा ताबा घेता येतो, म्हणून तर बोलता येतं, गाता येतं. स्वतःचे श्वास मोजायला बसलं की तोच वरचा थर मध्ये पडतो. दुसऱ्याचे मोजतानाही तेच घडतं, म्हणून जाणत्या परिचारिका नाडी धरल्यासारखं करून छातीकडे बघतात, आणि पूर्ण साठ सेकंद मोजतात. झोपेत ही ढवळाढवळ संपते, त्यामुळे घड्याळाचे 13 तुमच्या आपोआप चालणाऱ्या श्वासाच्या जास्त जवळचे.

पण एकट्या वेगावरून फार निष्कर्ष काढू नका. प्रत्येक श्वासातले सुमारे 150 मिलिलिटर घशात आणि श्वासनलिकांतच राहतात, वायुकोशांपर्यंत पोहोचत नाहीत. 500 मिलिलिटरचे 12 श्वास घेतले तर मिनिटाला 4200 मिलिलिटर हवा कामाला येते. 250 मिलिलिटरचे 24 घेतले तर एकूण हवा तितकीच, 6 लिटर, पण कामाची फक्त 2400. सावकाश, खोल श्वास शरीराला स्वस्त पडतो तो यामुळे. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाला 12 ते 20 हा नेहमीचा पट्टा. तुमचे 13 आणि 17 दोन्ही त्यात बसतात. विश्रांतीतला वेग काही तासांत किंवा दिवसांत स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा चढत गेला, ताप किंवा ग्लानी सोबत असली, किंवा तो 25 च्या वर टिकून राहिला, तर डॉक्टरांकडे जा, बोटावरचा ऑक्सिजन 98 असला तरीही. न्यूमोनियात, जंतुसंसर्ग रक्तात पसरताना किंवा फुफ्फुसात गुठळी अडकल्यावर हा आकडा पुष्कळदा बाकी सगळ्यांच्या आधी हलतो.